सायलेन्सर घेण्याआधी त्यात तार घालून बघा

पावसाळा सरून ऊसतोड सुरू झाली की आमच्या टपालात सायलेन्सरची पत्रं वाढतात. चार महिने चिखलपाण्यात भिजलेला पत्रा याच सुमारास दगा देतो. या वेळी दुचाकीच्या आवाजाचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझी 2014 ची 100 सीसीची स्प्लेंडर आहे. पहाटे साडेचारला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून निघावं लागतं. सायलेन्सरला खालून भोक पडलंय. गल्लीतली कुत्री आणि शेजारी एकदमच उठतात. मिस्त्री म्हणतो, कंपनीचा महाग पडतो, बाहेरचा बसवू. स्वस्त आणि कमी आवाजाचा कसा ओळखू?
— दूध व्यावसायिक, खानापूर तालुका

उत्तर : नवा घ्यायचा की नाही, हे आधी जुन्याला विचारा. गाडी थंड असताना सायलेन्सर सोडवा, उभा धरून कानाशी हलवा. आत काही खडखडत नसेल, भोक रुपयाच्या नाण्याएवढंच असेल आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकल्यावर भोवतीचा पत्रा टणक वाजत असेल, तर तो अजून चालेल. पत्रा मऊ, बदबद वाजला किंवा उलटा केल्यावर गंजाच्या खपल्या पडल्या, तर आतले पडदे कुजलेत. मग बाहेरून ठिगळ मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

ठिगळ मारायचंच तर रीत सांगतो. सायलेन्सरचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. साध्या आर्क वेल्डिंगची कांडी टेकवली की भोक बुजायचं सोडून वाढतं. गॅसवर पितळेची झाळ किंवा मिग वेल्डिंग करून घ्या. भोकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठा तुकडा कापून, गंज घासून, वरून बसवायचा आणि कडेनं पूर्ण झाळ फिरवायची. बेळगावला येणं होत असेल तर उद्यमबागेत पातळ पत्र्यावर हात बसलेला वेल्डर शोधा. काम सायलेन्सर गाडीवरून काढूनच करायचं. गाडीवर असताना वेल्डिंग केलं तर करंट वायरिंगमधून फिरून सीडीआय युनिट (प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उडू शकतं.

आता नव्याविषयी. दुकानात तीन प्रकार दिसतील : कंपनीचा, कंपनीसारखाच दिसणारा बाहेरचा, आणि आखूड ‘स्पोर्ट्स’ डबा. तिसऱ्याकडे तुम्ही बघूच नका. का, ते आवाजाच्या गणितातून कळतं. चार-स्ट्रोकचं एक सिलिंडर इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना एकदा धूर फुंकतं. मिनिटाला 3000 फेऱ्या असतील तर सेकंदाला 25 फटके. हा ‘धडधड’ आवाज जाड, खालच्या पट्टीचा असतो. स्पोर्ट्स डब्यात मधून आरपार भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती काचेची लोकर असते. लोकर तीक्ष्ण ‘तडतड’ खाते, पण जाड ‘धडधड’ तिच्या अंगाला लागत नाही. ती मारायला कप्पे लागतात. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात, तिथून उलटा फिरून तिसऱ्यात जातो. प्रत्येक कप्प्यात फुगतो, आपटतो आणि फटका बोथट होतो.

दुकानात हे डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून सायकलचा जुना आरा नाहीतर अर्धा मीटर सरळ तार खिशात टाकून जा. शेपटाकडून, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या टोकाकडून, ती आत सरकवा. वीतभर जाऊन अडली तर आत कप्पे आहेत. न अडखळता पार पुढच्या तोंडापर्यंत गेली तर ती आरपार नळी. दुकानदार ‘साउंड एकदम स्मूथ’ म्हणत असला तरी तो आवाजच विकतोय.

दुसरी खूण म्हणजे पोकळी. डब्यात जागा जितकी जास्त तितका आवाज कमी. एक जुना ठोकताळा असा की डब्याचं आतलं माप इंजिनाच्या सीसीच्या दहापटीहून कमी नको. शांत हवा असेल तर वीसपटीच्या पुढे. तुमच्या गाडीला म्हणजे किमान एक लिटर, बरं म्हटलं तर दोनच्या वर. टेप लावून बघा : 10 सेंमी व्यासाचा 40 सेंमी लांब डबा सव्वातीन लिटरच्या जरा आत भरतो. 7 सेंमी व्यासाचा 25 सेंमीचा आखूड डबा एक लिटरही भरत नाही, आणि त्यातली निम्मी जागा लोकरीनं खाल्लेली असते.

कंपनीसारख्या दिसणाऱ्या मालात हातचलाखी होते ती वजनात. शक्य असेल तर तुमचा जुना सोबत न्या आणि दोन्ही हातांत एकेक धरून तोला. नवा ठळक हलका लागला तर पत्रा पातळ आहे किंवा आतला एखादा पडदा गाळलाय. शिवण, म्हणजे पत्रा जिथे जोडलाय ती रेघ, बोट फिरवून बघा. झाळ सलग हवी, टाके-टाके नको.

तुमच्या कामाला आणखी तीन गोष्टी तपासा. उजवा कॅन डब्याला टेकतो का? वर वळलेलं शेपूट असेल तर प्लॅस्टिकचा कॅन नक्की वितळणार. मागचा ॲक्सल ओढून काढताना डबा आड येतो का? येत असेल तर प्रत्येक पंक्चरला सायलेन्सर सोडवावा लागेल. आणि मेन स्टँडचा रबरी थांबा : काही गाड्यांत तो सायलेन्सरवरच असतो. बाहेरच्या मालात तो नसला की स्टँड खड्ड्याखड्ड्यात नळीवर आपटतो, आणि तुम्ही समजता इंजिन वाजतंय.

कॅनचं ओझं आणि खानापूर भागातले रस्ते बघता सायलेन्सर गाडीच्या चौकटीला धरणारी पकडपट्टी लवकर तडकते. तिथलं रबर-बुश आणि त्यातली लोखंडी कॉलर जुनी झाली असेल तर तीही नवी घाला. हे सगळं बाहेरच्या मालात मिळालं तर खुशाल घ्या. नाही मिळालं तर कंपनीचाच घ्या. दर दीड-दोन वर्षांनी नवा डबा घेणं शेवटी त्याहून महाग पडतं.

प्रश्न : मुलाला बीएस-6 ची 150 सीसीची सेकंडहँड गाडी घेतली. आधीच्या मालकानं आखूड सायलेन्सर लावलाय, मूळचा त्याच्याकडे नाही. आवाज फार. ॲव्हरेजही कमी देते. मुलगा म्हणतो सगळेच लावतात, पीयूसी निघते, मग काय बिघडलं?
— पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : पीयूसीत धूर मोजतात, आवाज नाही. तेव्हा पीयूसी निघाली याला आवाजाच्या बाबतीत काहीच अर्थ नाही.

कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे केए-22 ला (बेळगाव) एक आणि एमएच-09 ला (कोल्हापूर) दुसरा असं नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 120 सायलेन्सर सक्तीचा करतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेपासून फारकत घेणारा बदल करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ (4) प्रमाणे मालकानं केलेल्या अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आवाज-धुराची मानकं मोडली तर कलम 190 (2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि लायसन्स तीन महिने बाद. यात ‘मालक’ म्हणजे आरसीवर नाव असलेला माणूस. कलम 190 (2) तर गाडी चालवणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही लागतं, तेव्हा डबा आधीच्यानं लावला होता, हे सांगून सुटका नाही.

ॲव्हरेजचं कारणही बहुधा तिथेच आहे. बीएस-6 गाडीत धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात हवा किती उरली हे तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावर पेट्रोल ठरतं. सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला जोड गळत असेल तर दोन फटक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो वाढवायला सांगतो. गाडी विनाकारण पेट्रोल पिते. आखूड सायलेन्सरसोबत बेंड पाईपही (इंजिनातून सायलेन्सरकडे येणारी वाकडी नळी) बदलला असेल तर सेन्सर कुठे बसवलाय ते बघा. सेन्सर नुसता वायर बांधून लटकवलेला किंवा त्याचे आटे मारलेले असतील तर वेगळं निदान करायची गरजच नाही. काही जण इंजिनचा दिवा लागू नये म्हणून त्या दिव्याचीच वायर तोडतात, तेही तपासा.

मूळचा सायलेन्सर महाग दिसतो, कारण त्यात धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहे. जाळीदार गाभ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा लेप असतो. कोणाचा जुना मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, पण मॉडेल आणि वर्ष तुमच्या आरसीशी जुळलं पाहिजे. टॉर्चनं आत बघा, शक्य असेल तर गाभा दिसतो का पाहा, आणि हलवून बघा. गाभा काढून विकून रिकामा डबा विकणारे महाभाग आहेत. रिकामा डबा हलका लागतो आणि ठोकल्यावर पिंपासारखा वाजतो. याच कारणानं वाचकांना एक आगाऊ सूचना : सायलेन्सर बदलला तर जुना गॅरेजमध्ये ‘राहू दे’ म्हणून सोडून येऊ नका. पंधरा वर्षांनी नूतनीकरणाच्या तपासणीला मूळचाच लागेल.

मुलाला आवाजच हवा असेल तर तो वेगळा प्रश्न. त्यावर या सदरात उपाय नाही.

प्रश्न : कंपनीचाच नवा सायलेन्सर बसवला. तरी उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की ‘फट्-फट्’ होतं. आधी होत नव्हतं. गाडी 125, कार्ब्युरेटरवाली.
— वाचक, निपाणी

उत्तर : दहातल्या नऊ वेळा जुनं पॅकिंग परत घातलेलं असतं. सिलिंडर हेडला बेंड पाईप जिथे बसतो तिथे एक तांब्याची किंवा पत्र्याची कडी असते. ती एकदाच दाबली जाते. सायलेन्सर सोडवला की ती नवीच घालायची. किंमत शंभर रुपयांच्या आत, पण मिस्त्री घाईत असला की तीच परत चढते. जोडातून हवा आत गेली की न जळलेलं पेट्रोल नळीतच पेटतं, तीच तुमची फटफट.

खात्री अशी करा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू करून स्लोवर ठेवा. जाड सुती फडकं ओलं करून चार घड्या घाला, हातात जाड मोजे घाला आणि शेपटाच्या तोंडावर दोन-तीन सेकंद दाबून धरा. जोड घट्ट असतील तर इंजिन गुदमरून बंद पडायला लागतं. ते तसंच चालत राहिलं आणि पुढून हेडजवळ ‘फुस्-फुस्’ ऐकू आलं, तर गळती सापडली. कुठून ते नेमकं कळायला साबणाचं पाणी ब्रशनं जोडावर लावा, बुडबुडे येतील. हेडच्या तोंडाशी काळी काजळी दिसली तर ही परीक्षाही नको.

बसवायचा क्रमही चुकतो. आधी हेडकडचे नट हातानं, मग मागच्या पकडपट्टीचा बोल्ट हातानं. सगळं सैल लटकू द्या, म्हणजे नळी आपली जागा घेते. मग हेडचे दोन नट आलटून-पालटून, अर्धी-अर्धी फेरी. मागचा बोल्ट सगळ्यात शेवटी. उलटं केलं, म्हणजे मागचं आधी कसलं, तर नळी तिरकी ओढली जाते आणि कडी एका बाजूनंच दबते. 6 मिमीच्या स्टडला (हेडात बसवलेला, नट चढतो तो आटेदार दांडा) सुमारे 10 न्यूटन-मीटर पुरे, म्हणजे 10 नंबरचा छोटा पाना आणि मनगटाचा जोर. 8 मिमीच्याला 20 च्या आसपास. पान्याला नळी लावून कसाल तर ॲल्युमिनियमच्या हेडातून स्टड आट्यांसकट बाहेर येईल, आणि शंभराच्या कामाचे हजार होतील. जुना नट हलत नसेल तर रात्री पेनिट्रेटिंग तेल सोडा, सकाळी पुन्हा सोडा, मग आधी किंचित कसून मग सैल करा. पन्नासेक किलोमीटर चालवून गाडी थंड झाल्यावर एकदा पाना फिरवून बघा.

पॅकिंग ठीक असेल तर दुसरा संशय : काही 100-125 गाड्यांत एअर फिल्टरच्या बाजूनं हेडकडे ताजी हवा नेणारी रबरी नळी असते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर तिचा व्हॉल्व्ह बंद व्हायला हवा. नळी चिरली किंवा व्हॉल्व्ह अडकला की हीच फटफट होते. तिसरा संशय कार्ब्युरेटर. प्लग काढून बघा : बदामी-विटकरी रंग बरोबर, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी. हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे आहे ते पाहा. स्लाइडच्या (कार्ब्युरेटरमधली ॲक्सिलरेटरनं वर-खाली होणारी झडप) फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घातला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की वाढतं. मूळ जागा मोजून लिहून ठेवा आणि एका वेळी पाव फेरीपेक्षा जास्त हलवू नका.

प्रश्न : शॉर्ट सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली तर आवाज कमी होतो असं ऐकलं. खरं का?
— वाचक, चिक्कोडी

उत्तर : दोन दिवस होतो. मग धुराच्या जोरानं घासणी मागच्या गाडीवाल्याच्या अंगावर जाते, नाहीतर आतच जळून गोळा होऊन वाट अडवते. वाट अडली की इंजिन तापतं.

यासाठी ‘डीबी किलर’ नावाची बुच मिळते : तोंड अरुंद करणारी छोटी नळी, एका स्क्रूनं धरलेली. आवाज थोडा उतरतो, पिकअपही थोडा. स्क्रू हादऱ्यानं गळून पडतो, त्याला तारेनं बांधून ठेवा. लोकरीचा डबा आधी शांत होता आणि आता वर्षभरानं ओरडायला लागला असेल तर लोकर जळून-उडून गेलीय. टोपीचे रिव्हेट ड्रिलनं काढा, जुनी लोकर हातमोजे आणि मास्क घालून बाहेर काढा, जाळीनळी तारेच्या ब्रशनं साफ करा. नवी सायलेन्सरसाठीचीच लोकर घ्या, छपरात घालतात ती नव्हे. पोकळीच्या दर लिटरला 100 ते 150 ग्रॅम. नळीभोवती सारखी गुंडाळा. ठासून भरली तर ती आवाज खात नाही, सैल भरली तर महिन्यात उडते. एवढं करूनही तो कायद्यात बसत नाही, हे वरच्या उत्तरात आलंच आहे.

प्रश्न : मोबाइलच्या ॲपवर माझ्या 110 सीसी गाडीचा आवाज 96 डेसिबल दिसतो. मर्यादा 77 आहे म्हणतात. गाडी कंपनीच्या स्थितीतच आहे. मग कंपनी खोटी की ॲप?
— शिक्षक, अथणी

उत्तर : दोन्ही नाहीत, अंतर वेगळं आहे. 80 सीसीपर्यंत 75, 80 च्या वर 175 पर्यंत 77 आणि त्यापुढे 80 डेसिबल, या मर्यादा गाडी बनवतानाच्या मान्यतेच्या आहेत. त्यात गाडी वेग घेत जाते आणि माइक तिच्या वाटेपासून साडेसात मीटरवर असतो. तुम्ही मोबाइल अर्ध्या मीटरवर धरला असणार. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे 6 डेसिबलनं उतरतो. अर्ध्या मीटरवरून साडेसातवर, म्हणजे पंधरापट, तो साधारण 23 नं उतरेल. तुमचे 96 तिथे सत्तरीच्या आसपासच भरतात. तरीही उभ्या आणि पळत्या गाडीचा आकडा एकमेकांशी ताडून बघू नका.

मोबाइलचा खरा उपयोग ‘आधी-नंतर’ बघण्यासाठी. शेपटापासून अर्धा मीटर, तिरका 45 अंशात, शेपटाच्या उंचीवर, इंजिनाचा वेग दोन्ही वेळा तोच. भिंत तीन मीटरच्या आत नको, नाहीतर पडसादच मोजला जातो. 3 डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो. 10 चा फरक झाला तर आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. दुकानदार ‘दोन डेसिबलनं कमी’ म्हणून जादा पैसे मागत असेल तर तो फरक फक्त त्याच्या पावतीत ऐकू येईल.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस फार. सायलेन्सर दर तीन वर्षांनी आतून कुजतो. बाहेरून रंग दिला तरी.
— वाचक, कणकुंबी

उत्तर : पाऊस निम्माच दोषी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाण्याची वाफ तयार होते. गाडी दोन-तीन किलोमीटरच चालवून बंद केली की डबा तापलेला नसतो, वाफ आतच पाणी होऊन साचते आणि पत्रा खालून खाते. आठवड्यातून एकदा तरी सलग वीस-पंचवीस मिनिटं चालवा, डबा पूर्ण तापू द्या. जागेवर रेस करून हे होत नाही.

बाहेरून रंग द्यायचा तर उष्णतेला टिकणारा, 600 अंशांचा, आणि गंज पॉलिश पेपरनं पूर्ण उतरवून. तांबड्या मातीचा चिखल बेंड पाईपच्या मागे आणि पकडपट्टीच्या सांध्यात भरून ओला राहतो. गाडी थंड झाल्यावर तिथे पाण्याची धार मारा, गरम नळीवर नको. डब्याच्या सगळ्यात खालच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटरचं बारीक भोक असतं, त्यातून थेंब पडतात. ते पाण्याला वाट म्हणून कंपनीनंच ठेवलेलं आहे. गळती समजून वेल्डिंगवाल्याकडून बुजवून घेऊ नका, आणि चिखलानं बुजलं असेल तर पातळ तार घालून मोकळं करा.